झोळी आधी पाण्यात

चिलापी गळाला लावायला अक्कल लागत नाही. पाणी निवळलेलं असलं आणि गांडूळ ताजं असलं की आंधळ्याच्या गळालाही ती लागते. अक्कल लागते ती पुढं, पाण्यातनं होडीत आणेपर्यंतच्या दोन हात अंतरात. त्या दोन हातांत मी जेवढे मासे घालवले तेवढे आमच्या गावात कुणी घालवले नसतील. घालवले ते घालवले, वर त्याचं खापर मी एका बाईच्या डोक्यावर फोडलं. ती माझी बायको. ती आता नाही. हे सगळं ती असताना तोंडानं बोलायचं होतं. ते झालं नाही, म्हणून हाताला लिहायचं काम लावलंय. चौथी शिकलोय, चुका होतील.

गंगापूर धरणाचं पाणी मागं जिथं डोंगरात शिरतं तिथं आमचं गाव. भात आणि नागली घरापुरती व्हायची. पाऊस सरून पाणी निवळलं की आम्ही दहाबारा जण होड्या उतरवायचो. ज्यांच्याकडं मोठी जाळी होती ते मोठ्या माशामागं जायचे. माझ्याकडं एक जुनी होडी, बांबूची काठी, तंगुसाची दोरी आणि गळ. मी धरायचो चिलापी, हाताच्या पंजाएवढी. गिरणाऱ्याच्या बाजारात तिला गिऱ्हाईक कमी नसायचं. अख्खी कढईत बसते, तुकडे करायला नकोत.

चिलापीचं तोंड मऊ असतं. ओठ म्हणजे नुसता पापुद्रा. पाण्यात असते तोवर तिचं वजन पाणी धरतं. दोरीनं उचलून हवेत घेतली की सगळं वजन त्या ओठावर येतं, ती एक हिसका देते, ओठ फाटतो, आणि होडीच्या फळीवर आपटून ती परत पाण्यात. म्हणून खालनं झोळी लागते.

आमची झोळी बायकोनंच केलेली. घरची पिठाची चाळणी फाटली होती, तिचं लोखंडी कडं तिनं ठेवून दिलं होतं. त्याला तिनं जुन्या जाळ्याचा तुकडा ओवला, सैल, पोटासारखा, आणि कडं हातभर बांबूला तारेनं आवळलं. मी होडीच्या मागच्या बाजूला काठी धरून बसायचो, ती पुढच्या बाजूला झोळी धरून. आमच्यात बायका बाजारात मासे विकतात, होडीत फारशा बसत नाहीत. पण ही बसायची, आणि बाकीचे मला त्यावरून चिडवायचे.

तिची रीत ठरलेली. गळाला मासा लागला असं काठीवरून दिसलं की ती झोळी पाण्यात घालायची आणि हलवायचीच नाही. मी दोरी ताणलेली ठेवून, न हिसकता, मासा हळूहळू तिच्याकडं वळवायचा. मासा दोनतीन फेऱ्या मारायचा, दमायचा, कुशीवर पडायचा, पांढरं पोट दिसायचं. मग डोक्याकडनं त्याला झोळीवर आणायचा. डोक्याकडनंच, कारण शेपटीकडनं आणला आणि शेपटीला जाळं लागलं की तो पुढं उडी घेतो. डोकं आत गेलं की तो जितकी उडी घेईल तितका आतच जातो. मग ती कडं उचलायची. ओल्या तळव्यानं माशाच्या पाठीवरचे काटे डोक्याकडून शेपटीकडं दाबून धरायची, म्हणजे टोचत नाहीत, आणि गळ काढून मासा ओल्या गोणपाटाखाली ठेवायची.

मी विचारलं होतं, "कुणी शिकवलं गं तुला हे?"

"शेळ्यांनी," ती म्हणाली. "शेळीमागं धावलं का ती पळती. पाला धरून गुमान उभं राह्यलं का येती. तुमचा जीव धावतो, झोळी नाय."

आणखी एक तिचं बोलणं होतं. म्हणायची, "मासा तुमचा, पन घरात मी घेते. नवरीवानी. आधी डोकं, मग पाय."

आम्ही दोघंच पाण्यावर असलो की मी तिचं ऐकायचो. शंभरातले नव्वद मासे होडीत यायचे. पण काठावर माणसं बसलेली असली की माझ्या हाताला काय व्हायचं देव जाणे. बायकोच्या झोळीवर मासे धरतो हे दिसू नये म्हणून मी मासा सरळ दोरीनं वर उचलायचो. एखादा यायचाही. तो आला की मी काठाकडं बघायचो.

मागचा सिंहस्थ झाला त्याच्या आधीच्या सिंहस्थानंतरच्या सालातली गोष्ट. पाऊस सरला होता आणि त्या दिवशी होड्या उतरवायच्या होत्या. आमच्याकडं पाण्याच्या कडेला सात आसरांचे सात दगड आहेत. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी, सात बहिणी. होडी पाण्यात जायच्या आधी घरच्या बाईनं त्यांना हळदकुंकू वाहायचं, होडीच्या नाकाला कुंकू लावायचं, नारळ फोडायचा. पहिला मासा मारायचा नाही, कुंकू लावून सोडून द्यायचा. आणि बाईला विटाळ असला तर तिनं होडीच्या सावलीलाही यायचं नाही. आलीच, तर आसरा रागावतात, आणि त्या एका होडीचंच नाही तर सगळ्यांचं पाणी बांधतात, मग कुणालाच मासा लागत नाही. हे आमच्यात सगळे मानायचे. मीही मानायचो.

त्या दिवशी सकाळी तिनं पूजा केली. तिचा थोरला भाऊ पेठच्या बाजूनं आदल्या दिवशी आला होता, तोही होता. पहिली चिलापी सोडली. मग वारा सुटला. मोठ्या जाळीवाले काठावर जाळी दुरुस्त करत बसले. माझा मेव्हणाही त्यांच्यात बसला, विडी ओढत. मला वाऱ्याचं काय, मी काठापासून वीसेक हातांवर गळ टाकून बसलो. ती पुढं, झोळी घेऊन. बाराचौदा डोळे आमच्याकडं.

पहिला मासा लागला. मी वर उचलला. फळीपाशी आला आणि पडला.

ती हळूच म्हणाली, "वर नका घेऊ. माझ्याकडं वळवा."

"गप."

दुसरा पडला, मग तिसरा. काठावरनं एकजण ओरडला, "काय रं, मासं धुऊन परत सोडतो का?"

दुसरा म्हणाला, "नाय रं, दात मोजतोय त्यांचं!"

सगळे हसले. माझा मेव्हणाही हसला, नाही असं नाही. बहिणीच्या नवऱ्याची फजिती झाली तर कोण हसणार नाही? चौथा पडला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. ते मला जास्त लागलं.

पाचवी चिलापी भाकरीच्या तव्याएवढी होती. तेवढी मी त्या पाण्यात आधी पाहिली नव्हती. काठी पार कमानीसारखी वाकली. बायको म्हणाली, "आवं, दमू द्या तिला. बसून ऱ्हावा." मी होडीत उभा राहिलो. होडी डुलली. मी दोन्ही हातांनी काठी उचलली आणि चिलापी पाण्याबाहेर घेतली. ती फळीच्या वर लटकली, हिसका दिला, ओठ फाटला. ती पडताना दिसली तेव्हा बायकोनं वाचवायला झोळी पुढं लोटली. चिलापी झोळीच्या कड्यावर आपटली आणि तिथनं पाण्यात गेली.

काठावरच्यांना दिसलं ते एवढंच, की मासा झोळीवर पडला आणि झोळीतनं गेला.

मी खाली बसलो असतो आणि हसलो असतो तर तिथंच संपलं असतं. मी काठावर ऐकू जाईल अशा आवाजात तिला म्हणालो, "विटाळशी हायेस का तू? सकाळी पूजा केलीस ती तशीच केलीस?"

काठावर आमच्यातला सगळ्यात म्हातारा माणूस होता, त्याला सगळे बाबा म्हणायचे. तो उठून पाण्याच्या कडेपर्यंत आला. म्हणाला, "खरं का रं?"

अजूनही वेळ होती. मी म्हणालो, "उगं पडत्यात का मग पाच मासं?"

हो म्हणालो नाही. नाही म्हणालो नाही. असं बोललो की त्यांनी हो समजावं, आणि पुढं कधी अंगावर आलं तर मी हो म्हटलं नव्हतं असं म्हणता यावं. एवढी अक्कल मला त्या वेळी बरोबर सुचली.

बायकोनं काठाकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं भांडेल. भांडायला ती कमी नव्हती. तिनं झोळी होडीच्या तळाला ठेवली आणि म्हणाली, "काठाला घ्या."

मी होडी काठाला घेतली. ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि घराकडं चालू लागली. लुगड्याचा ओला काठ पायाला चिकटत होता, तो ती दर चार पावलांना सोडवत होती. तिचा भाऊ तिच्या मागं गेला. तो त्या दिवशी आमच्याकडं जेवला नाही. त्यानंतर लग्नकार्याशिवाय आला नाही.

आता मला काय माहीत होतं ते सांगतो. आमच्याकडं बाई चार दिवस बाहेर बसते, चुलीला हात लावत नाही. ती आठ दिवसांपूर्वी न्हाली होती. त्याच्या आधीचे चार दिवस भाकरी कुणी भाजली? मी. माझ्या अंगठ्याला तव्याचा चटका बसला होता, तो त्या दिवशी होडीत काठी धरताना झोंबत होता. म्हणजे मला शंका नव्हती, गैरसमज नव्हता. मला पक्कं माहीत होतं आणि मी बोललो.

बाबांनी चौघांना बसवून देणं ठरवलं. पुढच्या मंगळवारी आसरांना एक कोंबडी, एक नारळ आणि सात पानांवर दहीभात, बाईच्या हातनं. तिनं ऐकून घेतलं. तिच्या चार कोंबड्या होत्या. त्यातली तांबडी खुडूक बसलेली, अंड्यांवर. मी म्हणालो, दुसरी घे. ती म्हणाली, "द्यायची तर चांगली द्यावी. देवींचं काय चुकलंय?" त्या तांबडीला तिनं स्वतः पाटीखालनं काढून आणलं. अंडी थंड पडली.

सातही दगडांसमोर ती वाकली. प्रत्येक दगडाला म्हणाली, "चुकलं असलं तर पदरात घ्या." मी तिच्या शेजारी हात जोडून उभा होतो. सात वेळा ऐकलं. माझ्या तोंडातनं शब्द आला नाही.

का आला नाही, हे मी पुष्कळ वर्षं स्वतःला वेगवेगळं सांगितलं. आता बोलून मोडायचं कशाला, लोक विसरतील, तिलाही पटलंय. सगळं खोटं. पाच मासे बायकोसमोर आणि मेव्हण्यासमोर माझ्या हातानं पडले हे मला लोकांत म्हणवत नव्हतं. पाच चिलाप्या. एका घराचं कालवण.

त्यानंतर ती होडीत बसली नाही. मी एकटा जाऊ लागलो. एका हातात काठी आणि एका हातात झोळी जमत नाही असं नाही, शांत माणसाला जमतं. मला जमलं नाही. मी झोळी माशामागं धावडवायचो. तिनातला एक मासा जायचा. लोकांना सांगायचो, मासे हुशार झालेत.

बाजाराला मासे तीच न्यायची. सकाळी पाटीत लावताना ती एकेक मासा हातात घ्यायची, ओठ बघायची आणि ठेवायची. माझे मासे ओठ फाटलेलेच जास्त. ती पाटीत सगळी डोकी आतल्या बाजूला करून लावायची आणि शेपट्या बाहेर, म्हणजे गिऱ्हाइकाला ओठ दिसू नयेत. बाकीच्या बायका डोकी बाहेर लावायच्या, कारण डोळा ताजा दिसला की माल खपतो. एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "तुझंच मासं पाठमोरं का गं?" ती म्हणाली, "लाजत्यात." मी मागं उभा होतो. ते मला ऐकू यावं म्हणून म्हणाली का सहज म्हणाली, ठाऊक नाही.

दोनतीन वर्षांनी मी एकदा धीर केला. पाणी छान निवळलं होतं. म्हटलं, "चल की आज होडीत."

ती लसूण सोलत होती. "कशाला? पाण्याला विटाळ व्हईल."

"आता किती दिस धरून बसशील?"

तिनं लसूण खाली ठेवला. "लोकांपुढं उतरवलंत मला. लोकांपुढं बसवा. जे बोललात ते नव्हतं, एवढंच बोला. मी दुसऱ्या मिनटाला झोळी घेऊन येते."

मी म्हणालो, "बघू."

"बघा," ती म्हणाली आणि परत लसूण सोलायला लागली.

तिनं दुसऱ्यांदा मागितलं नाही. घरात बाकी सगळं नीट चालू होतं. मुलीचं लग्न केलं. घराला पत्रे घातले. हसायची, बोलायची, माझ्या पाठीला तेल लावायची. बाहेरच्या माणसाला वाटावं काही झालंच नाही. पण होड्या उतरवायचा दिवस आला की पूजेला ती मुलीला पाठवायची, आणि मुलगी सासरी गेल्यावर माझ्या भावजयीला बोलवायची. स्वतः घरात जात्यापाशी काहीतरी काढून बसायची. वर्षातनं एक दिवस. त्या दिवशी मी घरी पाणी प्यायलाही जायचो नाही.

मागच्या सिंहस्थाच्या वर्षी तिच्या पोटात दुखायला लागलं. शहरात दवाखान्यात नेलं. गाठ होती, फार पुढं गेलेली. तीन आठवडे ती तिथं होती. मी खाली पायरीवर झोपायचो आणि एकाआड एक दिवस गावाकडं जाऊन गुरं बघून यायचो.

एक दिवस म्हणाली, "चिलापी खावीशी वाटती. आळणी करा, नुसतं हळद-मीठ."

मी पहाटे धरणावर गेलो. पाच लागल्या, एक हाती आली. मुलीनं ती उकडली आणि डब्यात घातली. बायकोनं डब्याचं झाकण काढून पाहिलं आणि हसली. उकडलेल्या माशाचाही फाटलेला ओठ दिसतो, हे मला माहीत नव्हतं.

"अजून तसंच का व?" ती म्हणाली. "झोळी आधी पाण्यात घालावी. मासा दिसायच्या आधी. मासा दिसल्यावर घातली का त्याला कळतं."

तिनं दोन घास खाल्ले. खोलीत आणखी आठदहा बाया होत्या, त्यांची माणसं होती, सगळी परकी. मी तिच्या कानाशी वाकलो. म्हणालो, "त्या दिवशी चूक माझी व्हती. तुला काय नव्हतं. मला माहीत व्हतं."

तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं मी सूर्य उगवतो म्हणून सांगितलं. "मला काय सांगता? मला ठाऊकच हाय. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांगा."

"घरी गेलो का सांगतो. तुला होडीत बसवून सांगतो."

"बरं," ती म्हणाली.

ती घरी आली नाही.

दहाव्याला सगळे पाण्यावर जमले होते. बाबा होते, मेव्हणा होता, त्या दिवशी काठावर बसलेल्यांपैकी निम्मेअधिक होते. मी बोलायचं ठरवून गेलो होतो. मुंडण झालेलं, अंगावर ओलं धोतर. कुणीतरी म्हणालं, "बसा दाजी, सावलीला बसा," आणि मी सावलीला बसलो. लोक माझी दया करत होते. दया गोड लागते. ती सोडून मला बोलवेना. तेराव्यालाही तसंच. मेलेल्या बाईला दिलेला शब्दही मी एक वर्ष पुढं ढकलला.

वर्षश्राद्धाला पानं उठली आणि म्हातारी माणसं पाण्याच्या कडेला येऊन बसली. सुपारी फिरली. बाबा पार वाकले होते, कानांनी कमी ऐकू यायचं, पण बोलायची हौस तेवढीच. ते माझ्या बायकोबद्दल चांगलं बोलायला लागले. म्हणाले, "गुणाची बाई व्हती. एकदा चुकली, पन देनं कसं मानानं फेडलं! खुडूक कोंबडी दिली. अशी बाई व्हनं नाय."

सगळ्यांनी माना हलवल्या. हो, हो, चुकली पण फेडलं. तिची स्तुती चालली होती, आणि त्या स्तुतीच्या पोटात माझं खोटं बसलेलं होतं. मला दिसलं की हे आता असंच राहणार. हे म्हातारे जातील, पोरं सांगतील, कुणाच्या तरी आजीनं एकदा आसरांचा विटाळ केला होता, पण बाई गुणाची.

मी उभा राहिलो. उभं राहायची गरज नव्हती. म्हणालो, "ती चुकली नव्हती."

बाबांना ऐकू आलं नाही. "काय म्हंतो?"

मी ओरडलो. श्राद्धाच्या दिवशी, सगळ्यांसमोर, बहिऱ्या माणसाच्या कानाशी ओरडून मला ते सांगावं लागलं. "तिला त्या दिवशी काय नव्हतं! आठ दिस आधी न्हाली व्हती! भाकरी मी भाजल्या व्हत्या! मासं माझ्या हातानं गेलं! मला ठाऊक व्हतं, मी खोटं बोललो!"

पोरंबाळं खेळायची थांबली. भांडी घासणाऱ्या बायांनी हात थांबवले. बाबा माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं शिव्या घालतील. ते फार विचार करून म्हणाले, "मग ती कोंबडी?"

कुणी हसलं नाही. त्याचं उत्तर मला आजही येत नाही. ती कोंबडी आणि तिच्या खालची अंडी आणि सात दगडांपुढचे सात नमस्कार, हे कुणाच्या नावावर घालायचे?

बाबा काठी टेकत उठले आणि गेले. बाकीचे एकेक करून गेले. मेव्हणा तेवढा बसून राहिला. त्याच्या मिशा पार पांढऱ्या झाल्या होत्या. पाण्याकडं बघत तो म्हणाला, "मी तवाच पाह्यलं व्हतं, दाजी. दोरी तुमी उचलली. झोळी मागनं आली."

"मग बोलला का नाय?"

"बोलनार व्हतो. वाटंत तिला म्हनलं, चल माघारी, मी सांगतो समद्यांना. तिनं मनगट धरलं माझं. म्हनली, दादा, तू नको. त्यो बोलंल. जरा येळ लागतो त्याला." त्यानं विडी पेटवली. दोन काड्या वाया गेल्या. "म्हनून मी गप बसलो. येत नव्हतो तुमच्याकडं ते त्याच्यापायी. आलो असतो तर बोललो असतो."

मला वाटत होतं ती राग धरून बसली आहे. ती वाट बघत बसली होती. ज्या दिवशी मी तिला लोकांत उतरवलं त्याच वाटेवर ती माझी बाजू घेऊन भावाशी बोलत होती, आणि मी बारा वर्षं तिला खोटं पाडलं.

मेव्हणा त्या रात्री राहिला. सकाळी मी होडी सोडत होतो तर आला. काही न विचारता पुढच्या बाजूला बसला. झोळी आढ्याला टांगलेली असायची, ती त्यानं काढून आणली होती. कडं गंजलं होतं, पण तिची गाठ सुटली नव्हती.

आम्ही काठापासून वीसेक हातांवर थांबलो. काठावर दोघंतिघं होते, आमच्याकडं बघत होते. चिलापी लागली. मी बसूनच राहिलो. दोरी ताणून धरली, फेऱ्या मारू दिल्या, ती कुशीवर पडली. तिला वळवत मेव्हण्याकडं नेली. तो डोंगरातला माणूस, त्यानं झोळी कधी धरलेली नाही. मासा जवळ दिसताच त्यानं झोळी फावड्यासारखी खुपसली. शेपटीला कडं लागलं, चिलापी उसळली आणि गेली.

मी काठाकडं तोंड करून मोठ्यानं म्हणालो, "माझ्या हातानं गेला!"

मेव्हण्यानं वळून माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, पण हसूही नव्हतं. म्हणाला, "यो माझ्या हातानं गेला, दाजी. मला म्हनू द्या. तुमचं ते पाच निराळं."

मग तोही काठाकडं वळून ओरडला, "माझ्यानं गेला!" इतक्या सहज, जसं कुणी पाऊस आला म्हणून ओरडावं. काठावरचा एकजण म्हणाला, "जाऊ द्या पाव्हनं, दुसरा येईल." आणि आपल्या जाळ्यात परत डोकं घातलं.

एवढंच होतं ते.

मी गळाला दुसरं गांडूळ लावलं. तीनदा निसटलं. गळ टाकायच्या आधी मेव्हण्याला म्हणालो, "झोळी आधी पाण्यात घाला. मासा दिसायच्या आधी. आणि हलवू नका."

"कुनी शिकवलं?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं.